पसरणीचा घाट आणि इंधनपंपाची शंभर वर्षे

वाई सोडून, पसरणीचे शिवार मागे टाकून पाचगणीकडे निघालेला रस्ता जेथे सपाटीचा निरोप घेतो, तेथपासून पाचगणीच्या पहिल्या बंगल्यांपर्यंतचे अंतर काही फार नाही. अवघ्या दहा-बारा किलोमीटरांचा तो प्रवास. परंतु तेवढ्याच अवधीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवरील वाईतून निघालेला मनुष्य १,३०० मीटरांच्या आसपास जाऊन पोहोचतो, आणि त्याला वाहून नेणारे यंत्र, मग ते कोणत्याही कारखान्याचे व कोणत्याही काळाचे असो, आपल्या सर्व गुणदोषांची कबुली त्या चढावर देऊन मोकळे होते. पाचगणीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तेथील शाळांचा, आरोग्यधामांचा, सिल्व्हर ओकच्या वृक्षराजीचा आणि स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांचा तपशील प्रेमाने नोंदविला आहे. ज्या मुठीएवढ्या उपकरणावाचून मोटारीच्या युगातील पाचगणी आजच्या रूपास आलीच नसती, त्या इंधनपंपाची व त्यातील इवल्या झडपांची दखल मात्र त्यांपैकी कोणी घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही. इतिहासकार बंगल्याच्या धन्याचे नाव शोधतो. तो धनी वर कसा चढला याची चौकशी करणे त्याला फारसे प्रतिष्ठेचे वाटत नसावे.

मोटारीपूर्वीचा काळ थोडक्यात सांगितला तरी पुरे. १८६० च्या दशकात जॉन चेसन नामक इंग्रज गृहस्थाकडे पाचगणीच्या वसाहतीची देखरेख आली, त्याने दांडेघर, गोडवली, अमरळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधल्या जागेत परदेशी झाडांची लागवड केली, आणि पुढे १८८० च्या दशकात पुणे-मिरज लोहमार्ग झाल्यावर वाठार स्थानकावर उतरून, टांग्यात बसून, वाईमार्गे घाट चढण्याचा प्रघात पडला. टांग्याचे घोडे वाटेत बदलले जात, घाटात त्यांना विसावा द्यावा लागे. परंतु घोड्याच्या मुखातून पोटात जाणारे इंधन चढ आला म्हणून उलट दिशेने वाहू लागत नाही, हा त्या वाहनाचा एक मोठा गुण होता आणि तो मोटार आल्यावरच लोकांच्या ध्यानी आला असला पाहिजे.

मुंबईच्या रस्त्यावर मोटार १८९८ मध्ये दिसली. पुढील दोन-तीन दशकांत ती संस्थानिकांच्या, पारशी धनिकांच्या व सरकारी अंमलदारांच्या संगतीने सह्याद्रीच्या घाटांत येऊ लागली. त्या आरंभकाळातील बहुसंख्य गाड्यांत पंप असा नव्हताच. पेट्रोलची टाकी उंचावर, कार्बोरेटर खाली, आणि दोहोंमध्ये एक तांब्याची नळी, एवढाच काय तो सरंजाम. पाणी जसे उतारास लागते तसे पेट्रोलही लागेल, या निसर्गनियमावर विश्वास टाकून कारखानदार निश्चिंत राही. हेन्री फोर्डची १९०८ मध्ये बाजारात आलेली ‘मॉडेल टी’ ही त्या विश्वासाची सर्वांत प्रसिद्ध कृती. तिची टाकी पुढच्या आसनाखाली होती. सपाटीवर ती टाकी कार्बोरेटरपेक्षा पुरेशी उंच असे. परंतु गाडी तीव्र चढास लागली की तिचे तोंड वर उचलले जाई, कार्बोरेटर टाकीच्या तळाच्या पातळीवर वा त्याहूनही वर येई, आणि टाकीत पेट्रोल शिल्लक असूनही एंजिन तहानेने बंद पडे. यावर जगभरच्या चालकांनी जो तोडगा काढला तो ऐकून आजच्या वाचकास हसू येईल: गाडी फिरवावयाची आणि सबंध चढ पाठमोरा चढावयाचा. तसे केले म्हणजे टाकी वर, कार्बोरेटर खाली, आणि शिवाय मागे जाण्याचा गिअर सर्वांत जोरकस असल्यामुळे चढही सुलभ. एका बाजूस दरी आणि दुसऱ्या बाजूस कातळ असलेल्या घाटात मान वळवून पाठमोरे चढणाऱ्या चालकाच्या धैर्याची कल्पनाच केलेली बरी. १९२६ च्या सुमारास फोर्डने ती टाकी काचेपुढच्या उंच भागात हलविली, परंतु तोवर इतर कारखानदारांनी वेगळा मार्ग धरला होता.

टाकी मागे, प्रवाशांपासून व एंजिनाच्या उष्णतेपासून दूर आणि खाली ठेवावी, हे सुरक्षिततेच्या व सोयीच्या दृष्टीने इष्ट. पण मग पेट्रोल पुढे व वर न्यावयाचे कसे? महागड्या गाड्यांतून टाकीत हवेचा दाब भरण्याची तजवीज होती. आरंभी हातपंपाने हवा भरावयाची, मग एंजिन चालू झाले की त्यानेच तो दाब राखावयाचा. टाकीचे झाकण किंचित सैल राहिले की सर्व मेहनत वाया, आणि कोठे सांधा उसवला तर दाबाखालचे पेट्रोल बाहेर उडण्याचे भय. म्हणून १९१० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत स्ट्यूअर्ट-वॉर्नर कंपनीकडून व इंग्लंडात ‘ऑटोव्हॅक’ या नावाने दुसरी हिकमत प्रचारात आली. एंजिन हवा ओढून घेते तेव्हा त्याच्या नळीत जी निर्वात अवस्था उत्पन्न होते तिच्याच बळावर मागच्या टाकीतील पेट्रोल पुढील एका लहान डब्यात ओढावयाचे; डबा भरला की त्यातील तरंगता गोळा वर येऊन शोषणाची झडप बंद करी व बाहेरच्या हवेची झडप उघडी, मग पेट्रोल खालच्या कप्प्यात उतरे, आणि तेथून पुढे पुन्हा उताराच्या नियमाने कार्बोरेटरात. योजना मोठी चतुर होती. तिच्यात एकच उणीव होती आणि ती नेमकी घाटात उघडकीस येई. लांबलचक चढावर चालक ॲक्सिलरेटर पुरता दाबून धरतो, त्या वेळी एंजिनाच्या नळीतील निर्वातता जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे इंधनाची गरज परमावधीस पोहोचलेली असतानाच ते ओढून आणणारी शक्ती रजेवर जाते. डब्यातील शिलकीवर काही वेळ निभावे, मग एंजिन गुरगुरू लागे. जाणता चालक वळणावळणावर पाय क्षणभर उचलून डबा भरून घेई. ज्याला ही खूण ठाऊक नसे तो अर्ध्या घाटात गाडी उभी करून चाकामागे दगड लावण्याची आज्ञा सोडी.

या सर्व खटपटींवर ज्या उपकरणाने पडदा टाकला, तो पंप खरोखरच पडद्याचा होता. अल्बेअर शाँपियॉं हा फ्रान्समधून अमेरिकेत आलेला सायकलशर्यतींचा वीर. त्याच्या नावाची आद्याक्षरे धारण करणाऱ्या आणि जनरल मोटर्सच्या छत्राखाली गेलेल्या ‘एसी’ कंपनीने १९२० च्या दशकाच्या अखेरीस तो मोठ्या प्रमाणावर बाजारात आणला, १९२९ च्या सुमारास शेव्हरोलेसारख्या सामान्यांच्या गाडीतही तो आला, आणि मुंबईत शिवडीस जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९२८ मध्ये निघालेला असल्यामुळे आपल्या इलाख्यात त्याचा प्रसार होण्यास विलंब लागला नाही. आमच्याकडचे जुने मिस्त्री अजूनही कोणत्याही कंपनीच्या अशा पंपाला ‘एसी पंप’च म्हणतात.

या पंपाची रचना मी थोडी विस्ताराने सांगतो, कारण यंत्रविद्येच्या इतिहासात इतक्या कमी भागांत इतका विवेक क्वचितच साठविलेला आढळेल. एंजिनाच्या कॅमशाफ्टवरील एक फुगीर कडा पंपाचा दांडा दाबते. दांडा रबरयुक्त कापडाचा पडदा खाली ओढतो. पडदा खाली गेला की लोहाराच्या भात्याप्रमाणे आतली पोकळी वाढते, येण्याची झडप उघडते आणि मागच्या टाकीतील पेट्रोल आत येते. पडदा वर ढकलण्याचे काम मात्र दांडा करीत नाही. ते एका स्प्रिंगवर सोपविलेले आहे. स्प्रिंग पडदा वर रेटते, येण्याची झडप मिटते, जाण्याची उघडते, पेट्रोल कार्बोरेटरकडे निघते. आता कार्बोरेटरची वाटी भरली आणि तिच्यातील सुईझडपेने वाट रोखली, तर स्प्रिंगला पडदा वर ढकलता येत नाही; पडदा खालीच थांबतो आणि दांडा नुसताच हलत राहतो. एंजिन कितीही वेगाने फिरले तरी पेट्रोलवरचा दाब स्प्रिंगच्या बळापलीकडे, म्हणजे चौरस इंचास तीन ते पाच पौंडांपलीकडे, जाऊच शकत नाही. मागेल त्याला मागेल तेवढेच द्यावे आणि न मागेल तेव्हा गप्प बसावे, हा व्यवहार या पंपाने कोणत्याही विजेवाचून व नियंत्रकावाचून सांभाळला. चढावर एंजिनाची हाव वाढली की तोही मुकाट्याने अधिक पुरवी. निर्वाताच्या डब्याने जे घाटात गमावले होते ते या स्प्रिंगने परत मिळविले.

पुढील तीस-चाळीस वर्षांत या पंपात सुधारणा झाल्या त्या रचनेच्या नव्हेत, द्रव्यांच्या होत. आरंभीचा पडदा कापडावर लेप दिलेला असे. तो कालांतराने कडक होऊन चिरे. पेट्रोल व तेल सोसणारे कृत्रिम रबर आल्यावर त्याचे आयुष्य वाढले. झडपा प्रथम बेकेलाइटच्या लहान चकत्यांच्या असत, पितळी बैठकीवर एका हलक्या स्प्रिंगने टेकविलेल्या. धुळीचा कण त्यांत अडकला की झडप पुरती मिटत नसे आणि रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या नळीतील पेट्रोल हळूहळू माघारी टाकीत जाई. म्हणून पंपावर काचेची वाटी व बारीक जाळी बसविली गेली, आणि सकाळी पेट्रोल वर आणण्यासाठी हाताने दाबण्याचा एक लहान दांडा दिला गेला. कार्बोरेटरच्या सुईझडपेचेही तसेच. पितळेवर पितळ घासून तिच्या टोकाला खाच पडे आणि पेट्रोल ‘ओव्हर’ होऊन वाहू लागे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस व्हायटॉन हे रबर निघाल्यानंतर सुईच्या टोकास त्याची टोपी बसवण्याची पद्धत रूढ होत गेली आणि ती तक्रार पुष्कळशी मिटली. या क्षुल्लक दिसणाऱ्या फेरफारांनी जितके प्रवासी वेळेवर घरी पोहोचविले असतील तितके नव्या एंजिनांच्या जाहिरातींनी खासच पोहोचविले नाहीत.

तरीही या पंपाचा एक मूलभूत दोष शेवटपर्यंत राहिला, आणि पसरणीच्या घाटाशी त्याचे जणू वैर होते. पंप एंजिनाच्या तापलेल्या लोखंडावर आवळलेला, टाकी मागे दूर. म्हणजे तो पेट्रोल ओढून आणी. ओढण्याच्या बाजूस नळीतील दाब बाहेरच्या हवेहून कमी असतो, आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. पेट्रोलमधील हलके अंश पस्तीस-चाळीस अंशांपासूनच वाफ होऊ लागतात. त्यात पाचगणीच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे सातव्या हिश्श्याने कमी. त्यात चढावर गाडीचा वेग मंद, म्हणून वारा कमी आणि एंजिनाची आग जास्त. आणि या सर्वांवर कडी म्हणजे, मुंबई-पुण्याची मंडळी थंड हवेस निघत ती एप्रिल-मे महिन्यांत, दुपारच्या उन्हात! ज्या उकाड्यापासून पळण्यासाठी ती वर चढत होती तोच त्यांच्या पंपात जाऊन बसे. पेट्रोलची वाफ झाली की पडदा खाली-वर होत राहतो, पण झडपांमधून द्रवाऐवजी वाफच दबते आणि फुगते. पुढे काहीच सरकत नाही. गाडी बंद. बुवासाहेबांच्या मंदिरापाशी बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या मोटारी हे घाटातील उन्हाळ्याचे एक नित्याचे दृश्य होते.

उपाय साधा होता आणि तो कोणत्याही पुस्तकात न वाचता सर्व चालकांना अवगत होता: ओले फडके पंपावर गुंडाळावयाचे, वर पाणी शिंपडावयाचे आणि वाट पाहावयाची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या फियाट गाड्या व १९७० च्या दशकातील त्यांचा ‘पद्मिनी’ हा अवतार यांच्या चालकांपाशी घाटात पाण्याची बाटली आणि फडके ही सामग्री गाडीच्या कागदपत्रांइतकीच अपरिहार्य असे. त्याही पलीकडे पंप अगदीच निकामी झाला तर चालक पेट्रोलचा डबा उंच धरून वा टपावर बांधून त्यातून एक रबरी नळी थेट कार्बोरेटरला लावी, म्हणजे मॉडेल टीच्या युगात परत जाई. आणि ती युक्ती, आगीचे भय सोडले तर, हमखास चाले. कारखानदारांनीही आपल्या परीने यत्न केले. पंप व एंजिन यांच्या दरम्यान उष्णतारोधक द्रव्याची जाड चकती बसविली, नळ्या धुराड्यापासून दूर नेल्या, आणि पुढे काही गाड्यांत पंपाकडे आलेले जास्तीचे पेट्रोल परत टाकीत सोडणारी दुसरी नळी दिली, जेणेकरून पेट्रोल सतत वाहते राहून तापू नये. ही शेवटची सुधारणा मला सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण तिने रोगाचे कारण ओळखले होते; बाकीच्या उपायांनी केवळ ताप उतरविला.

विजेच्या पंपाची वाट या काळात इंग्रज कारखानदारांनी धरली होती. ‘एसयू’ कंपनीच्या पंपात पडदा ओढण्याचे काम विद्युच्चुंबक करी. किल्ली फिरवताच त्याची टिकटिक सुरू होई, वाटी भरली की ती थांबे, आणि आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने रस्त्यावर आलेल्या मॉरिस मायनरच्या मालकास त्या टिकटिकीवरून गाडीची प्रकृती कळे. विजेचा पंप एंजिनाच्या आगीपासून दूर बसवता येतो, टाकीजवळही बसवता येतो. म्हणजे पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलता येते. भविष्याची किल्ली या रचनेत होती. परंतु तिचे विद्युत्स्पर्शबिंदू काळवंडत, आणि ‘पॉइंट’ घासता न येणाऱ्या चालकाला पंपाच्या डब्यावर एखादा ठोसा लगावण्यापलीकडे काही सुचत नसे. गंमत अशी की पुष्कळदा तेवढ्यानेच तो चालू होई.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि प्रवासी मोटारींच्या मागे कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या चढल्या. गॅसवर एंजिनाची ताकद बरीच घटे, चढ आला की उतारूंना खाली उतरावे लागे. इंधनपंपाला मात्र त्या वर्षांत सक्तीची विश्रांती मिळाली. स्वराज्यानंतर १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, आणि त्या खात्याच्या आरंभीच्या ताफ्यात शेव्हरोले, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शिअल, अल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट अशा नाना जातींच्या गाड्या होत्या. एकाचा पडदा दुसऱ्यास लागत नाही, दुसऱ्याची झडप तिसऱ्यास बसत नाही, अशा अवस्थेत आगाराचा भांडारप्रमुख काय करीत असेल, हे ज्याने सुट्या भागांच्या दुकानात तासभर काढला आहे त्याला सांगावयास नको. यावर खरा इलाज झाला तो एका जातीच्या गाड्या घेण्याने आणि डिझेलकडे वळण्याने.

डिझेलच्या पंपाची गोष्ट निराळी आणि आमच्या जिल्ह्यांना अधिक जवळची. साताऱ्याचे धनजीशा कूपर, जे १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते, त्यांच्या सातारा रोड येथील कारखान्यात लोखंडी नांगरांपाठोपाठ १९३० च्या दशकाच्या आरंभी डिझेल एंजिने तयार होऊ लागली. देशात बनलेल्या अगदी पहिल्या डिझेल एंजिनांत त्यांची गणना होते. पुढे तो कारखाना वालचंद समूहाकडे गेला. दक्षिणेस औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसविलेल्या किर्लोस्करवाडीत नांगर व पाण्याचे पंप होत होते, आणि त्याच घराण्याने १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे ऑइल एंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला. कृष्णाकाठच्या विहिरींवर मोट जाऊन जी एंजिने धडधडू लागली ती याच परंपरेची. हा अभिमानाचा विषय आहे आणि मलाही तो आहे. पण अभिमानाने एक गोष्ट झाकू नये. एंजिनाचा ठोकळा आपल्या भट्टीत ओतता आला, चाक आपल्या लेथवर फिरवता आले, तरी त्या एंजिनाचा प्राण जो इंधनाच्या फवाऱ्याचा पंप आणि त्याचे नोझल, ते दीर्घकाळ सातासमुद्रापलीकडून येत होते.

त्यास कारण होते. रुडॉल्फ डिझेलने १८९० च्या दशकात आपले एंजिन सिद्ध केले तेव्हा तेल आत फवारण्यासाठी दाबलेल्या हवेचा अवजड सरंजाम लागे. तो गाडीवर चढवणे अशक्यप्राय. १९२७ मध्ये जर्मनीतील रॉबर्ट बॉश याच्या कारखान्याने केवळ द्रवाच्या दाबाने फवारा उडविणाऱ्या पंपाचे उत्पादन सुरू केले आणि डिझेल एंजिन मालमोटारीत बसण्याजोगे झाले. त्या पंपात पोलादी नळीत एक दट्ट्या खाली-वर होतो. दोहोंमधील फट एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट, इतकी सूक्ष्म की वेगळ्या रबराच्या वा चामड्याच्या कड्यावाचून शेकडो वातावरणांचा दाब तीत कोंडला जातो. प्रत्येक दट्ट्या त्याच्या नळीबरोबर घासून जोडीने तयार होतो. एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या नळीत घालू नये असा दंडक आहे. दट्ट्याच्या अंगावर तिरकी खाच असते. तो किंचित फिरविला की खाच केव्हा छिद्रासमोर येते ती वेळ बदलते, आणि त्यासरशी फवाऱ्यातील तेलाचे माप बदलते. चालकाच्या पायाखालचा ॲक्सिलरेटर शेवटी एवढेच करतो.

परंतु माझ्या मते त्या पंपाची खरी करामत दट्ट्याच्या वर बसलेल्या झडपेत आहे. फवारा संपला की नोझल तत्क्षणी मिटले पाहिजे. नळीत दाब उरला तर नोझलच्या टोकाशी थेंब लोंबतो, तो अर्धवट जळतो आणि गाडी काळा धूर ओकते. म्हणून त्या झडपेच्या देठावर एक लहानसे कडे ठेवले आहे. झडप मिटताना ते कडे आधी झडपेच्या बैठकीत शिरून वाट बंद करते आणि आणखी खाली उतरताना नळीतील तेलाचा अगदी थोडा अंश मागे ओढून घेते. त्याबरोबर दाब एकदम पडतो आणि नोझल खाडकन बंद होते. दिसण्यात कडे, करणीत धूर थांबविणारा हवालदार. घाटात पुढच्या मालमोटारीचा काळा लोट नाकात गेला म्हणजे आपण चालकाला दोष देतो. त्यातला पुष्कळसा दोष झिजलेल्या या झडपेचा आणि गळक्या नोझलचा असतो.

१९५१ मध्ये बॉशच्या सहकार्याने ‘मायको’ ही कंपनी निघाली आणि त्या दशकात बंगळूर येथे असे पंप व नोझल तयार होऊ लागले. पुढे तिचा एक कारखाना नाशिकलाही आला. टाटांच्या मर्सिडीज-बेंझ मालमोटारी १९५४ पासून जमशेदपुरात निघू लागल्या होत्या, आणि राज्य परिवहनाच्या गाड्यांबरोबर गावोगाव पंपाची परीक्षा करणारी यंत्रे व ती चालविणारे मिस्त्री निर्माण झाले. डिझेलला वाफेचा उपद्रव नाही, पण हवेचा आहे. टाकी कोरडी पडली वा सांधा सैल झाला की नळीत हवा शिरते, दट्ट्या ती नुसती दाबत राहतो आणि फवारा उडत नाही. ‘गाडीने एअर धरली’ म्हणत चालक खाली उतरतो, स्क्रू सैल करतो, हातपंप दाबत बुडबुडे थांबेपर्यंत ‘एअर काढतो’, आणि पाच मिनिटांत घाट पुन्हा सुरू होतो. एसटीच्या चालकांनी ही विद्या शाळेत नव्हे, रस्त्याच्या कडेला आत्मसात केली.

पेट्रोल गाड्यांत अखेरचा पालट नियमांमुळे झाला. धुरावरील निर्बंध २००० च्या सुमारास कडक झाले, कार्बोरेटर गेला, इंधनाचे फवारे आले, आणि पंप टाकीच्या पोटात, पेट्रोलमध्येच बुडवून ठेवला गेला. पेट्रोलमध्ये विजेचे यंत्र, हे ऐकून प्रथम छाती दडपते. पण टाकीतील पेट्रोलच्या दाट वाफेत जळण्यापुरती हवाच नसते, आणि सभोवतालचे पेट्रोल पंपाला थंड ठेवते. त्यातून निघणारा दाब वातावरणाच्या तिप्पट-चौपट. एवढ्या दाबाखाली पेट्रोल सहजासहजी उकळत नाही. डिझेलमध्येही १९९७ पासून बॉशच्या समाईक नळीच्या रचनेने दट्ट्याऐवजी विजेवर उघडमीट होणाऱ्या झडपांकडे मापाचे काम दिले आणि दाब १,३५० बारपर्यंत नेला. उतारावरून येणारे इंधन, मग ढकललेले, मग ओढलेले, आणि शेवटी पुन्हा ढकललेले, असे या शतकाचे वळण आहे. ओढण्याचा मार्ग मधल्या काळी सर्वांत सोयीचा होता, पण घाटाने तो कधीच मान्य केला नाही. दुचाकीच्या टाकीखालचा कॉक, तो वळवून ‘रिझर्व्ह’वर घेण्याचा विधी आणि उताराचा तो जुना नियम मात्र आणखी वीस वर्षे टिकला, १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाले तेव्हा बहुतेक नव्या दुचाकींतूनही त्याने निरोप घेतला.

आता गोष्ट पुन्हा कृष्णाकाठी आली आहे. सातारा-सांगलीच्या पट्ट्यातील उसापासून जो मद्यार्क बनतो तो इथेनॉल म्हणून पेट्रोलमध्ये मिसळला जातो; २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि आता ते सर्वत्र मिळते. नव्या गाड्यांच्या पंपांतील रबर, झडपा व धातू त्यास अनुकूल केलेले आहेत. जुन्या गाड्यांतील पडदे, रबरी नळ्या आणि जस्तमिश्रित धातूचे पंप मात्र इथेनॉल व त्याबरोबर येणारी ओल यांच्यासाठी घडविलेले नव्हते. रबर फुगते, मऊ पडते, आणि धातूवर पांढरट थर धरतो. तेव्हा ज्यांच्या अंगणात अद्याप एखादी पद्मिनी वा जुनी जीप उभी आहे आणि ज्यांना ती घेऊन येत्या उन्हाळ्यात पाचगणीस जावयाचे आहे, त्यांनी वाईतून वर चढण्यापूर्वी एसी पंपाचे किट, सुईझडप आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या नव्या मिश्रणास चालतील अशा द्रव्याच्या घालून घ्याव्यात. आणि घाट शक्यतो सकाळी दहाच्या आत चढावा.